घरापुरतं कापड

अनुजानं सासूची ट्रंक उघडली ती गोळ्या-औषधं ठेवायला जागा करावी म्हणून, आणि हाताला लागलं मढ्याचं कापड. पांढरंफेक, कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यातच गुंडाळलेला नारळ, तुळशीची वाळकी काटकी, अबीर-गुलालाच्या पुड्या आणि सोन्याचा एक बारका मणी. आता कुठल्या सुनेचं डोकं ठिकाणावर राहील, सांगा. तिनं ते गाठोडं तसंच उचललं, सोप्यातनं बाहेर आणलं आणि चिमणाबाईच्या पुढ्यात आदळलं. नारळ गडगडत उंबऱ्याशी गेला.

चिमणाबाई अंगणात शाळू पाखडत बसली होती. शिमग्याचं ऊन, वाऱ्यावर सगळा कोंडा तिच्याच अंगावर येत होता. तिनं सूप खाली ठेवलं, नारळाकडं बघितलं आणि परत सूप उचललं.

“आत्ती, हे कुणाचं हाय?”

“घरात ठेवलंय.”

“ते दिसतंय मला. कुणासाठी ठेवलंय?”

सुपातला शाळू नुसता वर-खाली.

त्याचं झालं होतं असं. गेल्या आठवड्यात आशाताई गल्लीत घरोघर फिरून गेली होती. कुठल्याशा देशात कोंबड्यांचा ताप माणसांत शिरलाय, इकडं येईल का न्हाई कुणी सांगावं, पण आला तर मागच्यासारखी पळापळ नको, असं ती म्हणाली. पंधरवडाभराचं धान्य-तेल, तापाच्या गोळ्या, साबण, तोंडाला बांधायला कापड, आजाऱ्याला एक खोली वेगळी, त्याचं करायला एकच माणूस नेमलेलं. घाबरायचं काही कारण नाही, पण ज्यानं त्यानं आपल्या घरात तयारी करून ठेवायची, एवढं बोलून ती पुढच्या दारात गेली.

शब्द कसा असतो, ज्याच्या कानात पडतो त्याचा होतो. अनुजाच्या कानात पडला तेव्हा तिनं पिठाचे डबे भरले, नवऱ्याच्या मागं लागून परसातल्या खोलीतली कडबाकुट्टी हलवली, भिंतीला चुना दिला. चिमणाबाईनं मात्र ‘तयारी’ हा शब्द जन्मभर एकाच वेळी ऐकलेला. गावात कोण गेलं की बाप्ये माणसं अंगणात उभी राहून दबक्या आवाजात विचारतात, तयारी झाली का? म्हणजे बांबू आले का, मडकं आणलं का, कापड आणलं का. कोरोनात नवऱ्याची एवढी वाईट माती झालेली बाई, तिच्या कानात दुसरं काय पडणार? ती दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसली आणि वडगावला जाऊन आपली तयारी करून आली.

“कुणासाठी ते बोला की,” अनुजा म्हणाली. “माझ्या राजवीरसाठी का?”

तेव्हा मात्र म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं.

“तसं कशाला म्हणतीस. दुकानदारानं इचारलं, किती फाडू? मला मोजवलं न्हाय, पोरी. म्हणलं, घरापुरतं दे.”

घरापुरतं हे ऐकून अनुजानं पदर खोचला. मग तिच्या तोंडाला जे आलं ते तिनं बोलून घेतलं. अशुभाला असं घरबसल्या आवतण देतात का, लेकरू खेळतंय त्या खोलीत मढ्याचं सामान ठेवतात का, आणि दिवस मावळायच्या आत हे घराबाहेर गेलं नाही तर मी पोराला घेऊन माहेरला जाते. चिमणाबाईचा लेक सर्जेराव तेवढ्यात रानातनं आला. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, दारातला नारळ बघितला आणि गुपचूप वैरण कापायला गोठ्यात गेला. आई आणि बायको जुंपल्यावर शहाण्या माणसाला वैरणीची आठवण होते.

चिमणाबाईनं वाद घातला नाही. सुनेचं चुकलं असंही तिला वाटलं नाही. तिनं नारळ उचलला, पदरानं पुसला, गाठोडं बांधून काखेत मारलं आणि चपला शोधू लागली. घराबाहेर न्यायचं म्हणजे कुठं न्यायचं? गावात असलं गाठोडं ठेवून घेणारं दार एकच होतं, आणि त्याच दाराला ती कोरोनाच्या त्या वैशाखापासून गेली नव्हती.

तिचा नवरा ज्ञानू हा पंचक्रोशीतला नावाजलेला गुळव्या. गुऱ्हाळ कुणाचंही असो, काहिलीपाशी उभा तो. आणि डोक्याला पटका असल्याशिवाय माणूस परसाकडंसुद्धा जायचा नाही. पटका धुवायला टाकला तरी त्याला गुळाच्या वाफेचा वास राहायचा. अशा माणसाला बोडक्या डोक्यानं गाडीत घालून कोल्हापूरला नेलं, आणि तो गेला म्हणून फोन आला तेव्हा घराला बांबू आडवे लावलेले. लेक बाधित म्हणून शाळेत कोंडलेला, ही आणि सून आत. मातीला कुणीच जायचं नाही. तेवढ्यात समजलं, पिंजारगल्लीतला शमशुद्दीन, ज्ञानूच्या लहानपणापासूनचा जोडीदार, आपला गुळाचा टेंपो घेऊन मढी न्यायच्या कामावर गेलाय. चिमणाबाईनं भावकीतल्या लग्नासाठी आणलेला कोरा अबोली पटका कागदात बांधला आणि बांबूवरनं त्याच्याकडं फेकला. एवढा ह्यांच्या डोक्याला बांधा, भावजी, एवढंच ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि टेंपो गेला.

पुढं सगळं सुटलं, गाव हिंडाय-फिरायला लागलं, पण शमशुद्दीन काही तिच्या दारावरनं जाईना. लांबच्या गल्लीनं जायचा. आणि ती विचारीना. पटका पोचला का, एवढाच प्रश्न. पण नाही म्हणाला तर काय करायचं? न विचारलेला प्रश्न निदान होय-नाहीच्या मध्ये तरी राहतो. एकदा वडगावच्या बाजारात कुणा पावण्याच्या डोक्याला तसलाच अबोली पटका दिसला, तर ही बया भाजी टाकून त्याच्या मागं मागं स्टँडपर्यंत गेली होती. टेंपोतल्या गुळाचा वास येतो का बघायला. बिचारा म्हणाला, मावशी, काय पायजे? तिला काही सांगता आलं नाही.

शमशुद्दीन दारात टेंपोचं चाक खोलून बसला होता. चिमणाबाई दिसली तसा चाकाचा पाना त्याच्या हातातनं निसटला. तिनं बसा म्हणायचीही वाट बघितली नाही. गाठोडं ओट्यावर ठेवलं, सोडून दाखवलं आणि सुनेचं भांडण सांगितलं.

“घरात ठेवू देईनात. तुमी ठेवून घ्या. मी गेले तर एवढं माझ्याबरोबर जाऊ दे. पुन्यांदा तसं नगं.”

शमशुद्दीननं कापडाला हात लावला. त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या घरात बायकोच्या, फातिमाच्या, ट्रंकेत मक्केहून आणलेलं तिचं कफनाचं कापड होतंच की, वर्षाला एकदा ती ऊन दाखवून परत घडी घालायची. पण तो कापड उचलीना. बोटांनी नुसता त्याचा काठ चाचपत राहिला.

“वैनी, एक इचारा की मला,” तो म्हणाला. “इचारून टाका. तुमी इचाराल म्हणून मी तुमच्या गल्लीतनं जाणं सोडलंय.”

चिमणाबाईनं सुटलेलं गाठोडं जरा सरकवलं. ती ओट्यावर बसली.

“पटका बांधला का त्यांस्नी?”

“पाऊस आलता त्या दिवशी,” शमशुद्दीन म्हणाला. “वळीव. टेंपोवरचा कागद उडाला. पिशव्यांवर नावाच्या चिठ्ठ्या हुत्या, त्यांची शाई वाहून गेली. पाच जण हुते. सगळे सारखेच दिसायचे, वैनी. पिशवी सोडायची न्हाय म्हणून सांगितल्यालं. मी पटका घेऊन हुबा, आनि ह्यातला आमचा ज्ञानू कुठला ते कळंना. मग मी हाक मारली.”

“हाक मारली?”

“मारली की. ज्ञान्या, म्हणून. संगटची पोरं बघाय लागली माझ्याकडं. म्हणली चाचाला काय झालं.” त्यानं तोंडावरनं हात फिरवला, तसं काळं ग्रीस गालाला लागलं. “मग फाडला पटका. पाच तुकडे केले. पाचांच्या बी उशाशी एकएक ठेवला. म्हणलं चार चुकीच्या डोक्याला जातील, एक तरी बरोबर पडंल.”

रस्त्यानं उसाची बैलगाडी गेली, तिच्या मागं उसाच्या कांडीसाठी शाळेतली पोरं गेली. मग चिमणाबाईला दुसरंच आठवलं. पुढं बांबू काढल्यावर शमशुद्दीनच्याच हातून आलेलं, फडक्यानं तोंड बांधलेलं ते मडकं. नदीवर सोडताना ते केवढं हलकं लागलं होतं हाताला.

“आनि राख?”

“ती बी एकत्र झालती. मी पाची घरांस्नी सारखी वाटून दिली.” तो खाली बघून बोलत होता. “चुकलं असंल तर माफ करा. एवढंच सुचलं मला.”

“कोण हुते ते चार?”

त्याला सगळे ठाऊक होते. पाठच होते म्हणा ना. एक शाहूवाडीकडचा भात लावणारा म्हातारा. दोघं भाऊ-भाऊ, जैनाचे, वडगावातलेच. आणि एक हुपरीची बाई, पैंजणाला घुंगरं जोडायची म्हणे.

“बाई हुती? बाईच्या उशाला पटका ठेवलासा?”

“तेवढं कुठं बघत बसतो, वैनी.”

आणि चिमणाबाईला हसू आलं. कुठनं आलं देवाला ठाऊक, पण आलं. ज्ञानूला सांगितलं असतं तर तो काहिलीपाशी बसून रात्रभर हसला असता. हसता हसता तिचा आवाज फाटला, आणि मग जे रडू त्या वैशाखात बांबूच्या आत कोंडलं होतं ते सगळं शमशुद्दीनच्या ओट्यावर बाहेर पडलं. त्यानं तिला गप्प केलं नाही. तोही बाजूला तोंड करून बसला. दोन्ही म्हाताऱ्यांच्या मध्ये ते पांढरं कापड उघडं पडलेलं.

फातिमा चहा घेऊन बाहेर आली. तिला आतनं सगळं ऐकू गेलं होतं. तिनं कपबशी चिमणाबाईच्या हातात दिली, कापडाची घडी उचलली, उजेडात धरून त्याचा पोत बघितला. फातिमा गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची, कापड कळायचं तिला.

“चांगलं सुती हाय. आशाताई आमच्याकडं बी आलती, तोंडाला बांधायला कापड ठेवा म्हणली.” मग ती चिमणाबाईकडं वळली. “अक्का, मढ्याला बांधायच्या आधी जित्याला बांधू या की.”

चिमणाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग ओच्याला हात पुसले, कापडाचं एक टोक दातात धरून चीर पाडली आणि टर्रकन ओढलं. मढ्याचं कापड कातरीनं कापत नाहीत, हातानंच फाडतात, ती सवय हाताला होतीच. त्या आवाजासरशी शमशुद्दीननं एकदा डोळे मिटले. फातिमा आत जाऊन मशीनवर बसली.

दिवस कलताना चिमणाबाई घरी आली. अनुजा दारातच उभी होती, पोराला काखेत घेऊन. माहेरला जायची पिशवी वगैरे काही भरलेली दिसली नाही. तिनं सासूच्या हाताकडं बघितलं. गाठोडं गेलेलं, त्यातलं तुळस-अबीर-मणी शमशुद्दीनकडंच राहिलेलं, नुसता नारळ तेवढा परत आलेला, आणि पिशवीत तोंडाला बांधायच्या पांढऱ्या मुसक्यांची चळत.

“कुठनं आणलंसा?”

खोटं बोलता आलं असतं. फातिमानं दिलं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण म्हातारीला आता लपवाछपवीचा वीट आला होता.

“त्येच कापड हाय. फातिमानं शिवलंय. नगं वाटलं तर चुलीत घाल, मी काय म्हणणार न्हाय.”

अनुजानं पोराला खाली सोडलं. एक मुसकं हातात घेतलं, उलटं-पालटं करून बघितलं, नाडी ओढून बघितली. चुलीकडं तिनं एकदा नजर टाकलीही. राजवीर तिच्या पदराला लोंबकळत मला द्या, मला द्या म्हणत होता. त्याला तिनं ते दिलं नाही. मग सगळी चळत घेऊन ती आत गेली आणि ट्रंकेत, मोकळ्या झालेल्या जागेत, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी लावून ठेवली. नारळ फोडून तिनं त्याची चटणी वाटायला घेतली. घरात आता कशाची तयारी आहे ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

चिमणाबाई चुलीपुढं बसली. आज कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. आतनं पाट्यावरच्या वरवंट्याचा आवाज थांबला आणि अनुजा म्हणाली, “आत्ती, शमशूचाचाला इचारलासा का? मामंजींचं?”

एवढी वर्षं सुनेलाही तो प्रश्न ठाऊक होता तर.

“इचारलं.”

“मिळाला का त्यांस्नी पटका?”

चिमणाबाईनं जाळ पुढं सारला.

“मिळाला की,” ती म्हणाली. “वाटणीला आला तेवढा.”