सिझनच्या कामावर गेलेला रुमाल

मी एक रुमाल बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं पुसली, आज जरा माझं तोंड उघडू द्या.

माझा जन्म सुरतेत, कतारगामच्या एका मागावर झाला. ताग्याच्या शेवटी उरलेला मी कोरा तुकडा. माग चालवणारा धम्मपाल मला घरी घेऊन गेला आणि त्याच्या बायकोनं, साक्षीनं, निळ्या दोऱ्यानं माझ्या कडा शिवल्या. चौथ्या कडेला पोचेपर्यंत त्यांची पोर रडायला लागली, म्हणून ती कड वाकडीच राहिली. लोक हसतात. मला ती आवडते.

धम्मपालला खोकला होता. मागाच्या खोलीत सुताचे बारीक तंतू उडतात, ते घशात बसतात. रोज सकाळी तो खोकायचा आणि गल्लीत कुणाला त्याचं काही वाटत नसे.

मग चौऱ्याण्णव साली प्लेग आला. बघता बघता गल्ली रिकामी झाली. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. माझा भाव एकदम वधारला, पण त्यात सुख नव्हतं. धम्मपालनं साक्षीला आणि पोरीला अमळनेरला तिच्या माहेरी पोचवलं. साथ ओसरल्यावर तो एकटाच परत निघाला. साक्षीनं माझ्या कोपऱ्यात ज्येष्ठमधाच्या काड्या बांधल्या.

"काम लागलं की पत्र टाका," ती म्हणाली. "त्याच्याआधी दादा मला पाठवायचा नाही."

सुरतेत माग अजून बंदच होते. मालक गावी जाऊन बसले होते. शेवटी त्याच गल्लीत राहणाऱ्या पांडुरंगनं वाट दाखवली. तो ठाकोरभाईंच्या साडीच्या दुकानात जुना सेल्समन. तिथली निम्मी माणसं पळाली ती परतलीच नव्हती, आणि दिवाळी तोंडावर आलेली.

"काम सिझनपुरतं आहे," पांडुरंग म्हणाला. "पण माणूस पसंत पडला तर शेठ लाभपाचमपासून कायम ठेवतो."

दिवाळीची सुट्टी संपून सुरतेची दुकानं उघडतात ती लाभपाचमला. त्या दिवशी गादीवर बसायला मिळालं म्हणजे बायको-पोर घरी आली, असं धम्मपालनं मनाशी धरलं.

कामासाठी आलेल्यांना ठाकोरभाईंनी दारातच उभं केलं. "मोढा पर रूमाल नी चाले, घराक डरी जाय," ते म्हणाले. तोंडावर रुमाल बघून गिऱ्हाईक घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत पुढे म्हणाले, "जिसको खांसी है, वो अभी घर जाए."

एकानं नुसता घसा खाकरला. शेठनं त्याला हातानंच रस्ता दाखवला. धम्मपालनं मला मुठीत इतकं आवळलं की कोपऱ्यातली काडी त्याच्या तळव्यात रुतली. त्याला कामावर घेतलं, तरी बराच वेळ ती मूठ सैल होईना.

साडी अंगावर घेऊन दाखवायची, ही तिथली रीत. मिशीवाला धम्मपाल खांद्यावर पदर घ्यायला लाजला. "लाजू नको रे भाऊ," पांडुरंग हसून म्हणाला, "आठे बठ्ठाच नेसतस." तिथले सगळेच गडी साड्या नेसून दाखवत.

तो शिकला. पदर कसा सोडायचा, निऱ्या कशा धरायच्या, सगळं भराभर शिकला. पण नव्या साड्यांची घडी मोडली की बारीक धूळ उडे आणि त्याचा घसा पेटे. मग तो तोंडात काडी धरी आणि श्वास अडवून हसरा चेहरा करी. त्याच्या खिशातून मला त्याच्या छातीची ओढाताण कळायची. माणसं पोटासाठी काय काय करतात ते ठाऊक होतं. खोकला गिळतात हे तिथं पाहिलं. दिवाळी जवळ आली आणि काड्या संपल्या.

त्या दुपारी प्रमिलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका लेकीच्या, श्वेताच्या, लग्नाच्या साड्या घ्यायला आल्या होत्या. दुकान भरलेलं. धम्मपाल अंगावर हिरवा शालू घेऊन उभा, घशात खाजतंय, डोळ्यांत पाणी. आता येणार, आता येणार, म्हणून मी धास्तावलो. आणि खोकल्याचा आवाज आलाच.

पण तो त्याचा नव्हता. प्रमिलाबाई खोकत होत्या.

शेजारच्या बायका उठल्या. श्वेतासुद्धा नकळत बाजूला सरकली, आणि ते प्रमिलाबाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ठाकोरभाई गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

धम्मपाल गप्प राहिला असता तर वाचला असता. त्यानं मला खिशातून काढून बाईंच्या हातात दिलं. "सुताचं उडतं हो मावशी, नव्या साड्यांचं," तो म्हणाला. "बघा ना, मलापण होतं." आणि इतके दिवस दाबलेला खोकला त्यानं सगळ्यांसमोर मोकळा सोडला. शालू अंगावर तसाच.

मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही तेवढीच वाटली. श्वेता शरमून आईजवळ सरकली. पांडुरंगनं पाणी आणलं. बाया पुन्हा बसल्या. शेठ मात्र उभेच होते. पुढचं मी पाहिलं नाही, कारण तोंडाला लावलेला रुमाल परत कसा द्यायचा म्हणून प्रमिलाबाईंनी मला पर्समध्ये टाकलं.

त्यांनी मला उकळलं, इस्त्री केली. "आई, राहू दे ना," श्वेता म्हणाली. "दुसऱ्याचा रुमाल ठेवू नये गं, ताटातूट होते," बाई म्हणाल्या. सगळी दिवाळी मी कपाटात याच विचारात काढली. ताटातूट कुणाची?

लाभपाचमला बाई मला घेऊन दुकानात गेल्या. दाराला तोरण, गादीवर नवी चादर, येईल त्याच्या हातात पेढा. गादीवर धम्मपाल नव्हता.

"ए तो सिझननो माणस हतो, बेन," ठाकोरभाई नजर चुकवत म्हणाले.

खरं पांडुरंगनं पायरीवर सांगितलं. "तुम्ही गेल्यावर त्याचा खोकला ऐकून दोन गिऱ्हाइकं दारातनंच परत फिरली. शेठनं त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढलं."

प्रमिलाबाईंनी मला पांडुरंगच्या हाती दिलं. "त्याच्याच हातात द्या. आणि त्याला सांगा..." जन्मभर शिकवत आलेल्या बाई, पण वाक्य अर्धंच सोडून त्या पायऱ्या उतरल्या.

गल्लीत शिरलो तर मागांची खडखड सुरू झालेली. तेवढ्यात खोकला ऐकू आला. तो मी हजारात ओळखला असता. दार उघडलं ते साक्षीनं, कडेवर पोर.

"तू कधी आलीस?" पांडुरंगनं विचारलं.

"काम गेल्याचं पत्र आलं, त्याच दिवशी निघाले. दादा नाही म्हणत होता. पण इथं एकटे काय करत बसले असते हे?"

पांडुरंगनं तिला सगळं सांगितलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. साक्षीनं माझी वाकडी कड बोटानं चाचपली.

"रुमाल हरवला म्हणाला होतात," ती धम्मपालला म्हणाली. तो काही सांगायला गेला आणि खोकलाच आला. तो पुन्हा मागावर जात होता. तिनं मला त्याच्या तोंडाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळत राहिली.

आता मी विरलोय. साक्षी मला स्टोव्हवरचं तापलेलं पातेलं उतरवायला घेते. माझी तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. शेजारी कुणी खोकलं तर लगेच दूर सरकू नका. आधी त्याला पाणी द्या.