टाकीवरची रेघ

सरोवराकाठच्या मॅनिटोवॉक गावातल्या जहाजकारखान्यात ग्रेचन कोएनिगला क्रेन चालवायला लागून बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने चार मोटारसायकली वापरल्या आणि चारही आधी दुसऱ्या कुणीतरी पिदडलेल्या. जिच्या सीटवर आपल्याआधी कुणी बसलेलं नाही अशी नवीकोरी गाडी घेणं तिला कधी जमलं नव्हतं. आधी लग्न झालं, मग घटस्फोट झाला, मग घराचं छप्पर गळायला लागलं. यंदा मात्र एप्रिलमध्ये, सरोवराच्या कडेचा बर्फ पुरता विरघळायच्या आत, तिने बापाला पिकअपमध्ये बसवलं आणि शोरूम गाठली.

बाप म्हणजे ऑर्विल, वय शहात्तर. गावातल्या निम्म्या बोटींच्या पाठीवरची नावं त्याच्या हातची. अग्निशामक दलाच्या गाडीवरची सोनेरी अक्षरं, बेकरीच्या काचेवरचा पाव, सगळं त्याचंच. पण त्याची खरी ख्याती होती ती मोटारसायकलींच्या टाक्यांसाठी. लांब केसांचा कुंचला रंगात बुडवून, ना पट्टी ना चिकटपट्टी, तो टाकीच्या नाकापासून सीटपर्यंत एका दमात रेघ ओढायचा. बघणारा आपला श्वास रोखून बसायचा. थेट ग्रीन बे शहराहून लोक टाक्या घेऊन यायचे.

सतरा वर्षांची असताना ग्रेचनने पहिली गाडी आणली होती, गंजकी. "बाबा, रंगव ना," असं म्हणत ती मागे लागली तेव्हा तो म्हणाला होता, "या खटाऱ्याला कोण रंग फासणार? नवी घेशील ना, तेव्हा बघ कशी रंगवतो."

शोरूममध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक साधी: काळा रंग, साधी चाकं, साधी सीट. दुसरी कंपनीने स्वतःच सजवलेली. वर्षाला अशा मोजक्याच निघायच्या. इंजिन मोठं, चाकं कोरीव, आणि टाकीवर तांबूस रंगात ज्वाळांसारखी वळणं, त्यांच्या कडेने बारीक सोनेरी रेघ.

विकणारा टॅड नावाचा गोड बोलणारा माणूस होता. "साधी घेऊन तिच्यावर हँडल, सीट, सायलेन्सर, रंग, असं एकेक चढवत बसलात तर शेवटी पैसे जवळपास तेवढेच जातात," तो म्हणाला. "वर उन्हाळा हातचा जातो. हिच्यावर आज बसा, आज निघा."

ऑर्विलने चष्मा कपाळावर सरकवला आणि तो त्या सजवलेल्या टाकीवर वाकला. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"हे यंत्राचं नाही. हाताचं काम आहे," तो म्हणाला. "चांगला हात आहे." मग सरळ होऊन लेकीला म्हणाला, "हीच घे."

ग्रेचनला हसू फुटलं. "बाबा, बरं वाटतंय ना तुला? जन्मभर असल्या गाड्यांना शिव्या घातल्यास. या घेणाऱ्यांना स्वतःचं डोकं नाही, दुसऱ्याने ठरवलेली हौस विकत घेतात, असं कोण म्हणायचं?"

"म्हणायचो. माणूस काहीबाही बोलतो."

"आणि मला दिलेला शब्द?"

"शब्दाचं काय घेऊन बसलीस? इंजिन मोठं आहे, रंग उत्तम आहे. मेमध्ये रस्त्यावर असशील. माझ्या नादाला लागलीस तर बसशील वाट बघत."

खरं तर ती सजवलेली गाडी तिला मनापासून आवडली होती. ती तिच्यावर बसूनही आली होती, आणि उतरायला जरा जास्तच वेळ लावला होता. पण आई गेल्यापासून बाप खिडकीशी बसून असायचा. दीड वर्षात त्याने एक काम घेतलं नव्हतं. तिला वाटलं, म्हातारा संकोचतोय, लेकीला आपला भार नको म्हणून असं बोलतोय. हातात काम पडलं तर उभा राहील. तिने सजवलेल्या गाडीकडे एकदा वळून पाहिलं आणि साधीच्या कागदांवर सही केली.

"तुझ्याच हातची हवी मला," ती परत येताना म्हणाली. ऑर्विल खिडकीबाहेर बघत होता. "बरं," एवढंच म्हणाला.

टाकी आणि दोन्ही मडगार्ड काढून तिने बापाच्या गॅरेजात नेऊन ठेवले. हँडल, सीट, सायलेन्सर तिने शनिवार-रविवारी स्वतःच बसवले. मे संपेपर्यंत सगळी गाडी तयार झाली, फक्त टाकी नव्हती. तिने फोन केला की ऑर्विलकडे कारण तयार असायचं. या आठवड्यात हवा दमट आहे. निळा नीट बसला नाही, परत मारतोय. नमुना ठरत नाहीये. गॅरेजला आतून कडी असायची. जून गेला आणि ग्रेचन चिडायला लागली.

जुलैमधल्या एका शुक्रवारी दोघं नेहमीसारखी कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेले मासे खायला गेली. तिथे लायल भेटला. बोटी बांधणारा, ऑर्विलचा चाळीस वर्षांचा दोस्त.

"काय गं, नवी गाडी घेतलीस म्हणे. दाखव की," लायल म्हणाला.

"बाबांना विचार. गेले तीन महिने टाकीवर बसलेत, अंडी उबवत असल्यासारखे."

टेबलावरचे सगळे हसले. तशी तिला आणखी चेव आला. "ती शोरूममधली सजवलेली घेतली असती तर एव्हाना सुपीरियर सरोवराला वळसा घालून आले असते. पण नाही, मला हौस हातच्या कामाची!"

"ऑर्विल, म्हातारा झालास लेका!" लायलने त्याच्या पाठीत थाप मारली.

ऑर्विलही हसला. बिअरचा ग्लास त्याच्यासमोर तसाच भरलेला होता. थोड्या वेळाने पाय दुखतात म्हणाला, अर्धा मासा ताटात टाकून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेचन त्याच्याकडे गेली. आज टाकी घेऊनच यायची असं ठरवून गेली होती. उकाड्यामुळे गॅरेजचं दार उघडं होतं.

ऑर्विल पाठमोरा स्टुलावर बसला होता. समोर स्टँडवर टाकी. निळा रंग असा बसला होता की आत हात बुडेल असं वाटावं. त्याने उजवं कोपर टेबलाला दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने उजवं मनगट. कुंचला टाकीवर टेकला. सायीच्या रंगाची रेघ निघाली, वीतभर सरळ गेली, अगदी पूर्वीसारखी. मग वळणाशी थरथरली. त्याने फडक्याने ती पुसली, कुंचला भरला, पुन्हा टेकवला. पुन्हा वळणाशी तेच. हाक मारावी की गुपचूप परत फिरावं हे ग्रेचनला सुचेना. ती तिथेच उभी राहिली. चौथ्या खेपेला कुंचला हातातून निसटून जमिनीवर पडला.

"आत ये," तो मागे न बघता म्हणाला. "दारात उभी राहून उजेड अडवतेस."

तिने कुंचला उचलून टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"दोन वर्षं होत आली. आधी अंगठा, मग सगळा हात. डॉक्टर गोळ्या देतो. सकाळी तासभर बरा असतो. तेवढ्या तासात करावं म्हणून रोज इथे येऊन बसतो. बसलो की सुरू होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. हीच घे म्हणालो."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला. खूश होतीस तू. मग मलाही वाटलं, एक टाकी निघेल. एकच तर."

त्याने टाकी तिच्याकडे फिरवली. दुसऱ्या बाजूला एक पूर्ण रेघ होती, वाळलेली. "ही तीन आठवड्यांपूर्वीची. बऱ्या सकाळची. खरं सांग, दिसतं का काही?"

ती वाकली. रेघ नाकापासून सीटपर्यंत गेली होती. पेट्रोलच्या झाकणाजवळ दोन ठिकाणी किंचित फुगली होती. ज्याने ऑर्विलची आधीची कामं पाहिली नव्हती त्याला जाणवलंही नसतं.

"नाही," ती म्हणाली. "कुठेच काही नाही."

ऑर्विलने तिच्याकडे नीट पाहिलं. "पाच वर्षांची होतीस तेव्हा बोट ठेवून दाखवायचीस, बाबा इथे जाड झाली. आता दिसेनासं झालं?"

"मला अशीच हवी आहे, बाबा. अशीच लावणार मी."

"नाही."

"गाडी माझी आहे."

"गाडी तुझी, हात माझा. कुठे थांबलीस की लोक वाकून बघणार, विचारणार कुणी केली. तू कौतुकाने माझं नाव सांगणार. ते मान डोलावतील, आणि पुढे गेल्यावर म्हणतील, पोरीने बापाचं मन राखलं. ते नको मला." त्याने खणातून पॉलिशपेपर काढून तिच्यापुढे ठेवला. "ती ओली तर पुसून टाकली मी. ही वाळलीय, घासावी लागेल. माझ्याच्याने एकसारखी घासली जाणार नाही. तू घास."

"बाबा, मी नाही करणार हे."

"मग कोण करणार? लायलला बोलावू?"

तिने बादलीत पाणी घेतलं, कागद भिजवला आणि बापाने ओढलेली शेवटची रेघ घासायला लागली. पाणी सायीच्या रंगाचं होऊन तिच्या मनगटावरून खाली ओघळत होतं. तो शेजारी बसून सांगत होता, "जोर नको लावूस. तळवा सपाट ठेव. खालचा निळा जाईल." ती हुंदके देत घासत होती आणि तो शांतपणे तळवा सपाट ठेव म्हणून सांगत होता.

"काल बारमध्ये मी..." ती मध्येच म्हणाली.

"गंमत केलीस. मीही हसलोच की."

ग्रीन बेच्या एका रंगाऱ्याने निळ्यावर फक्त चकाकीचा शेवटचा हात मारून दिला. ऑगस्टमध्ये गाडी जोडून ती बापाच्या दारात घेऊन गेली. तो बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलच्या बसवणुकीत चूक काढली.

"निळा छान आलाय," ती म्हणाली.

"हो. फवाऱ्याने रंग मारताना हात हलला तरी चालतो."

"मागे बस ना. सरोवरापर्यंत जाऊन येऊ."

"नको. धरून बसता येणार नाही मला."

तिने इंजिन सुरू केलं. गल्लीच्या टोकाला आरशात पाहिलं तर तो घरात गेलेला होता.

शुक्रवारी बारमध्ये येणं ऑर्विलने बंद केलं. लायलने दोन-तीनदा चौकशी केली, एकदा घरीही जाऊन आला, मग विचारणं सोडलं. उन्हाळा संपता संपता ऑर्विलने कुंचले केरोसीनमध्ये धुतले, एकेक जुळवून कागदात गुंडाळले आणि कुणातरी ओळखीच्या रंगाऱ्याला देऊन टाकले. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

थंडीत हात आणखी बिघडला. कामावर जायच्या आधी ग्रेचन रोज पहाटे त्याच्याकडे जायला लागली. तो पलंगाच्या कडेला उघड्या शर्टाने बसून असायचा. ती खालून वरपर्यंत एकेक बटण लावायची. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून तेवढा वेळ तो डोळे मिटून घ्यायचा.