कवचवाले काका

दिशाने काचेकडे हात लांब केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“डिस्टेंट हरा!”

“डिस्टेंट हरा!” दिवाकररावांनी एका श्वासाच्या अंतराने तेच म्हटलं, तसाच हात पुढे केला आणि गाडीचा वेग होता तेवढाच ठेवला.

इंजिनातला हा रिवाज फार जुना. एकाने सिग्नल बघायचा, हात दाखवून त्याचा रंग मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो स्वतः बघायचा आणि मगच परत म्हणायचा. मागे सोळा डब्यांत हजारभर माणसं चहा पीत, भांडत, पेंगत बसलेली असतात ती या चार डोळ्यांच्या भरवशावर. त्यातल्या दोन डोळ्यांनी गेले आठ महिने काम सोडलं होतं, आणि ते दोन्ही दिवाकर लघाट्यांचे होते.

रक्तातल्या साखरेने डोळ्यांच्या पडद्यावर नेमका मधोमध डाग पाडला होता. आंधळेपण म्हणावं तर तसंही नाही. कडेचं सगळं स्वच्छ दिसे. रुळालगतची मोहरी दिसे, बांधावरची बाई दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जाई. घरी जेवताना बायकोच्या, पुष्पाबाईंच्या, कानांतल्या कुड्या दिसत, चेहरा दिसत नसे. मग ते मान तिरकी करून बघत. “कोंबडीसारखं काय बघता हो?” असं त्या हसून विचारत, आणि दिवाकरराव हसण्यावारी नेत. झाशीतल्या इलाइट चौराह्याजवळच्या खासगी डॉक्टरने मात्र हसण्यावारी नेलं नव्हतं. “लघाटेजी, नौकरी क्या करते हैं आप?” त्याने विचारलं होतं. दिवाकरराव म्हणाले होते, “किराने की दुकान है।”

एवढं असून आठ महिने निभावलं ते कवचामुळे. समोरून गाडी आली किंवा पायलटने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याने, लाल सिग्नल ओलांडायला घेतला, तर आपण होऊन ब्रेक लावणारं हे नवं यंत्र त्यांच्या नेहमीच्या मार्गावर बसलं होतं. पुढच्या सिग्नलचा रंग ते इंजिनातच, हातभर अंतरावरच्या पडद्यावर दाखवी, आणि हातभर अंतरावरचं मान तिरकी करून दिसत असे. चाचणीच्या दिवशी साहेबांनी दिवाकररावांना लाल सिग्नलपुढे हाताची घडी घालून बसायला सांगितलं. इंजिन आपलं आपण थांबलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, तो अकरा लाख लोकांनी पाहिला, आणि लक्ष्मी गेटचा भाजीवालासुद्धा “आइए कवचवाले काका” म्हणू लागला. पुण्याहून मुलाचा, सुजितचा, फोन आला, “बाबा, तुम्ही तर व्हायरल!”

व्हिडिओत ते ऐटीत म्हणाले होते, “आता पायलटनं डोळे मिटले तरी गाडी सुरक्षित.” ते शब्द त्यांनी स्वतःलाही पुष्कळदा ऐकवले होते. लोकांचा जीव धोक्यात नाही, मग निवृत्तीपर्यंतची चार वर्षं झाकली मूठ ठेवली तर कुणाचं काय गेलं? आजोबांनी याच झाशीतून कोळशाचं इंजिन हाकलं, वडिलांनी डिझेलचं. डोळ्यांत नापास झालेल्या पायलटला ऑफिसात फायली लावायला बसवतात. दिवाकररावांना मरणाचं एवढं भय नव्हतं जेवढं त्या टेबलाचं होतं.

पण कानपूरच्या बाजूला कवच अजून यायचं होतं. काल दुपारी ड्यूटी वाटणाऱ्या लॉबीतून फोन आला. पायलट रोहितची आई आजारी, त्याच्या बदली सकाळची कानपूर गाडी तुम्ही घ्या. नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण एकच होतं.

दिशाने अजून हात खाली घेतला नव्हता. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

“सर,” ती म्हणाली, “हा सिग्नल उजवीकडे होता.”

दिवाकररावांचा हात डावीकडे लांबवलेला होता.

“नव्या लाइनीच्या कामात सरकवलाय. लॉबीत सूचना लावली होती. तुम्ही सही केलीत तिच्यावर.”

“माहितीय, बेटा. हात सवयीनं गेला.”

दिशा शेडगे बबिन्याच्या छावणीतल्या सुभेदाराची मुलगी. घर मूळचं कोरेगावचं, त्यामुळे तिचं मराठी रोखठोक होतं. सहायक पायलट होऊन तिला दोन वर्षं झाली होती. इंजिनात सर म्हणे आणि खाली उतरली की काका. झाशीत आपल्या बोलीत बोलणारं माणूस रोज भेटत नाही म्हणून पुष्पाबाई तिच्यासाठी डब्यात एक पुरणपोळी जास्त घालत. आजही घातली होती.

पुढचं स्टेशन गेलं. तिथले सिग्नल तिने सांगितले, त्यांनी परत म्हटले. पण आता प्रत्येक वेळी सांगून झालं की ती समोर न बघता त्यांच्याकडे बघत होती, आणि कडेचं दिसण्याचा शाप असा की दिवाकररावांना ते स्पष्ट दिसत होतं. थंडीतही त्यांची बंडी घामाने भिजली.

गाडी बेतव्याच्या पुलावर चढली, खडखडत उतरली. डावीकडे पारीछाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या.

“सर, आता तुम्ही आधी सांगा. मी मागून म्हणते.”

“तरणे डोळे असताना म्हाताऱ्यानं कशाला?”

“एकच. पुढचा एकच सांगा.”

“दिशा, कोहरा आहे. धुक्यात दिसेल त्यानं सांगावं, उगाच हुज्जत नको.”

आवाज चढला तो त्यांच्याही कानाला परका लागला. आजवर ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते.  दिशा सरळ होऊन बसली आणि समोर बघू लागली.

शंभरचा वेग होता. दिवाकररावांना हा रस्ता तळहातासारखा पाठ होता. आता बाभळींची रांग, मग लहान मोरी, तिच्यावरून जाताना चाकांचा आवाज बदलतो, आणि मोरीनंतर लगेच पुढच्या स्टेशनचा डिस्टेंट सिग्नल. त्याच्या रंगावरून किलोमीटरभर पुढच्या होम सिग्नलला, स्टेशनच्या तोंडाशी, थांबायचं की जायचं ते ठरतं. चाकांचा आवाज बदलला. दिवाकररावांनी मान तिरकी केली, उजवीकडे, मग डावीकडे. ते तिच्या आवाजाची वाट बघत होते.

आवाज आला नाही.

सिग्नलचा खांब डोळ्याच्या कडेने सपकन मागे गेला. खांब दिसला. दिवा नाही.

“दिशा?”

ती समोर बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. तिचा उजवा हात तिच्या बाजूच्या आणीबाणीच्या ब्रेकवर होता आणि बोटं त्याच्याभोवती आवळलेली होती. पुढे हिरवा असेल, दिवाकररावांच्या मनात आलं. या गाडीला इथे नेहमी हिरवाच असतो. सदतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा थांबावं लागलंय. जाऊ द्यावी, अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे, पुढचा ती सांगेल. त्याच वेळी मागच्या डब्यात कुठेतरी बसलेलं कुणाचं तरी तान्हं मूल, जे त्यांनी झाशीच्या फलाटावर आईच्या खांद्यावर पाहिलं होतं, त्यांना आठवलं. त्याचंही तोंड दिसलं नव्हतं, नुसतं लाल टोपडं दिसलं होतं.

त्यांनी ब्रेकचा दांडा ओढला.

सोळा डबे एकमेकांवर रेटत, कुरकुरत हळू होत गेले.  वेग साठ झाला, तीस झाला, दहा झाला, आणि गाडी उभी राहिली. दिशाने ब्रेकवरून हात काढला. बोटं पांढरी पडली होती, ती दुसऱ्या हाताने चोळू लागली.

 बाहेर टिटवी ओरडत होती.

“होम सिग्नल कसा आहे, बेटा?” दिवाकररावांनी विचारलं. गेल्या आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता.

“हिरवा आहे, काका.” ती अजून बोटं चोळत होती. “डिस्टेंटही हिरवाच होता.”

इंजिनातून उतरल्याशिवाय तिने त्यांना काका म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

“मग तू ब्रेक ओढणार होतीस?”

“तुम्ही न विचारता, न थांबता तसेच पुढे गेला असतात, तर ओढणार होते. आणि मग का ओढला ते मला लिहून द्यावं लागलं असतं.” तिने नाक ओढलं. “मला नव्हतं लिहायचं हो.”

दिवाकररावांनी मान हलवली. त्यांना तिचा राग यायला हवा होता, पण आलं ते रडू, आणि तेही धड येईना.

वॉकी-टॉकी खरखरला. पुढच्या स्टेशनचा मास्तर बोलत होता.

“पायलट साहब, होम हरा दिया हुआ है आपको। खड़े काहे हो गए?”

दिवाकररावांनी वॉकी-टॉकी हातात घेतला, पण बटण दाबलं नाही. मास्तर ओळखीचा निघाला.

“अरे, लघाटेजी हैं का? कवचवाले काका! कोई बात नहीं दादा, कोहरा होगा उधर। लिख देते हैं कोहरा। आप आ जाओ आराम से।”

दिशाने झटकन त्यांच्याकडे पाहिलं.

“हो म्हणा, काका,” ती कुजबुजली. “होम मी सांगते. कानपूरपर्यंत सगळे मी सांगते. उद्या सुट्टी टाका, मग बघू. आत्ता हो म्हणा.”

झाशी सोडताना कोहरा होता, हे खरं. दिवाकरराव समोर बघत राहिले. मधोमध तोच करडा डाग होता. पण त्याच्या कडेला, काचेच्या डाव्या कोपऱ्यात, बांधावर एक माणूस सायकल ढकलत चालला होता आणि त्याच्या कॅरिअरवरच्या पेंढीतली एकेक काडी वेगळी दिसत होती. त्यांच्या गुडघ्यांवर ऊन पडलं होतं. बहुधा पुलापासूनच पडत असावं.

“दादा? कोहरा ही है न?”

दिवाकररावांनी बटण दाबलं.

“नहीं मास्टर साहब,” ते म्हणाले, “यहाँ सब साफ़ है। दूसरा पायलट भेजिए।”