हर्डीकरांचा जॉइंट

जानकीने तारेला लावलेल्या टेस्टरचं बटण दाबलं. एक ते आठ, सगळे दिवे एकामागून एक हिरवे लागले. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा आठ.

"बघ! म्हटलं नव्हतं?" दारातून अण्णा म्हणाले. "तार ठणठणीत आहे. तुमची ती इंटरनेटवाली कंपनीच भिकार. शिव्या घालायच्या तर तिला घाल."

"तारेला कोण काय म्हणतंय, अण्णा?"

"मनात म्हणत असशील."

मनात म्हणायचीसुद्धा तिची छाती नव्हती. तिच्या वडिलांनी, विद्याधर हर्डीकरांनी, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबल जोडल्या होत्या. झाशी छावणीपासून थेट मोठ गावापर्यंत जमिनीखालून जे बोलणं जातं, त्यातलं निम्मं माझ्या बोटांतून गेलंय, असं ते सांगत आणि ते फारसं खोटंही नव्हतं. 'हर्डीकर का जॉइंट दुबारा नहीं खुलता,' असं खात्यात म्हणायचे. हे वाक्य घरात इतक्यांदा झालं होतं की जानकीची आई, शकुंतलाबाई, फोडणी घालता घालता ते अण्णांच्या आधीच म्हणून मोकळ्या होत.

पण लाइन पडत होती, त्याचं काय करायचं? काल सराव परीक्षा देताना तीनदा पडली. गुरुवारी अकरा वाजता खरी परीक्षा होती, नेटवर्किंगची, आणि ती घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर बसून. मध्येच लाइन तुटली की परीक्षा रद्द. बंद दाराची रिकामी खोली हवी, अशी अट होती, आणि तशी खोली घरात एकच होती, गच्चीवरची. तिथल्या पत्र्याच्या छपराखाली मोबाइलला रेंज नाही, वायफाय पोचत नाही. म्हणून तर दिवाळीत अण्णांनी खालून वरपर्यंत चाळीस मीटर तार ओढली होती, सत्तरी उलटलेली असताना, शिडीवर चढून.

"रंगांचा क्रम सांगू का?" तेव्हा तिने विचारलं होतं.

"मला?" अण्णा हसले होते. "तू टॉर्च धर."

टॉर्च धरणं तिला नवं नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून केबलच्या खड्ड्याच्या काठावर बसून तिने टॉर्च धरली होती. पाढ्यांच्या आधी तिला रंग पाठ झाले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. प्रत्येक रंगाच्या तारेला तिची पांढरी जोडीदारीण. "जोडी फोडायची नाही," अण्णा खड्ड्यातून वर बघून सांगायचे. "जोडी फुटली की याचं बोलणं त्याच्या कानात. त्याच्यापेक्षा मोठा फॉल्ट नाही, बिटिया."

आता ती कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये नऊ वर्षं सहायक होती. तेवढ्या काळात तीन इन्चार्ज आले नि गेले, आणि तिघांनाही काम तिनेच शिकवलं. जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा ती सरळ प्राचार्यांपुढे जाऊन उभी राहिली. "सर्टिफिकेट ले आइए, लैब आपकी," ते म्हणाले. चौथ्याला शिकवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

मंगळवारी दुपारी ती बिघाडांचा धडा तिसऱ्यांदा वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. टेस्टरचे सगळे दिवे लागतात, तरी लाइन मंद चालते किंवा पडते, तर जोड्या तपासा. ही ओळ तिने आधी दोनदा वाचली होती. लॅबमध्ये मुलांना शिकवलीही होती. फक्त घरची तार तपासावी, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णांचा जॉइंट कुणी तपासतं का?

तिने टेबलामागून तारेचं टोक ओढलं. प्लगच्या मानेवर काळ्या पट्टीचे तीन वेढे होते, एकावर एक, कडेला जरासुद्धा सुरकुती नाही. अण्णांची सहीच ती. नखाने पट्टी सोडवताना तिला चोरी करत असल्यासारखं वाटलं.

आत निळ्याची जोडी पहिली. मग नारिंगीची, मग हिरव्याची, मग तपकिरीची. ओळीने, शिस्तीत, एकही जोडी न फोडता.

नेटवर्कच्या प्लगमध्ये असं चालत नाही. तिथे तिसरी आणि सहावी तार एकमेकींच्या जोडीदार असतात. म्हणून हिरव्याच्या जोडीतल्या दोघींना लांब बसवायचं आणि मध्ये निळ्याची जोडी घालायची. बघणाऱ्याला वाटावं जोडी फोडली. पण ती तशी बसवली तरच जोडी राहते. अण्णांनी जोडी जपली, आणि जपायला गेले तिथेच ती फुटली.

बुधवारी सकाळी अण्णा गणपतीच्या देवळात गेले. सोसायचं नाही त्यांना, जानकी स्वतःला म्हणाली, आणि क्रिम्पर, प्लग बसवायचा चिमटा, घेऊन दोन्ही टोकं कापली. नवे प्लग बसवले आणि वर काळ्या पट्टीचे तीन वेढे दिले. तिच्या पट्टीला एक सुरकुती पडली. जुने प्लग तिने पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले. फेकवत नव्हते.

"काय गं, काय कापलंस?" शकुंतलाबाईंनी खालून विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही, म्हणजे नक्की काहीतरी."

गुरुवारी लाइन एकदाही पडली नाही. दोन तास ती हलली नाही की चष्मासुद्धा पुसला नाही. पडद्यावर निकाल आला तेव्हा तिने तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने, आणि मग जिन्यावरून ओरडत खाली आली, "आई! पास! पास हो गयी मैं!" आनंद झाला की तिच्या तोंडून हिंदीच येई.

शकुंतलाबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग लेकीच्या तोंडात. अण्णा दिवाणावर बसले होते. चष्मा कपाळावर. समोर वर्तमानपत्रावर पावडरचा उघडा डबा आणि दोन कापलेले प्लग.

जानकीच्या तोंडातली साखर तशीच राहिली.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"पट्टीवर सुरकुती होती. तेव्हाच म्हटलं, ही माझी नाही. का कापलंस?"

गंज लागला होता, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण नुकतीच पास झालेली बाई इतकं खोटं कसं बोलणार?

"जोडी फुटली होती, अण्णा."

"माझी?"

शकुंतलाबाईंनी गॅस बारीक केला.

जानकी खाली बसली. वर्तमानपत्राच्या कडेला तिने आठ रेघा काढल्या आणि कोणती तार कुणाची जोडीदार ते दाखवलं. अण्णा भांडले. तिसरीची जोडी सहावीशी कशी, हे कुठल्या गाढवाने ठरवलं, मध्ये दुसऱ्याला बसवायचं ही काय रीत झाली? तिने पुन्हा रेघा काढल्या. तिसऱ्यांदा काढल्या तेव्हा त्यांनी पेन्सिल तिच्या हातून घेतली आणि स्वतः काढल्या. मग कापलेला प्लग उचलून उजेडात धरला.

"दिवे तर आठही लागत होते," शेवटी ते म्हणाले.

"दिवा तार बघतो, अण्णा. जोडी नाही बघत."

ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. "लागलं गं त्यांना," शकुंतलाबाई कुजबुजल्या. "आजच सांगायला हवं होतं का?" जानकीचे डोळे भरून आले. सर्टिफिकेट मिळाल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

अण्णा बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हातात खात्यातली जुनी हत्यारांची पिशवी होती.

"चल."

"कुठे?"

"माणिक चौकात. रामकृष्णजींच्या दुकानात मीच तार टाकलीय, याच हातांनी. तुझा तो चिमटा घे."

रामकृष्णजींचं साड्यांचं ठोक दुकान. गिऱ्हाइकांची गर्दी, गादीवर साड्यांचे ढीग. हर्डीकरांना बघून ते अर्धे उठले.

"अरे हर्डीकर जी! आइए, आइए. लाइन तो चल रही है."

"चल रही है, पर ग़लत चल रही है," अण्णा म्हणाले. "रुक-रुक के चलती है न?"

"वो तो कंपनी की..."

"कंपनी की नहीं. मेरी ग़लती है."

दुकानातल्या दोन बायकांनी माना वळवल्या. अण्णांचा आवाज मुळातच खड्ड्यातून रस्त्यावर पोचणारा. जानकीने त्यांची बाही ओढली. "हळू, अण्णा."

"हळू कशाला?" ते म्हणाले आणि आणखी मोठ्याने सुरू झाले. "चौंतीस साल में मेरा जॉइंट किसी ने नहीं खोला. ना एसडीओ साहब ने, ना इंजीनियर ने. इसने खोला. और ग़लती निकाली. सही निकाली!"

"बिटिया ने?"

"हमारी बिटिया ने. आज ही परीक्षा पास की है, नेटवर्किंग की."

जानकीला कुठे बघावं कळेना. ती गल्ल्यामागे वाकली. तार खाली अंधारात, साड्यांच्या गठ्ठ्यांमागे गेली होती, काही दिसत नव्हतं. तिने टॉर्चसाठी मागे हात केला. हातात टॉर्च आली नाही. हातावर नुसता उजेड पडला. अण्णा गुडघ्यावर बसले होते, टॉर्च धरून.

"गुडघे दुखतील तुमचे."

"तू जोड."

ती पट्टी सोडवू लागली. वरून कुणी गिऱ्हाईक विचारत होतं, क्या हो गया, भैया, कुछ ख़राब है? टॉर्च जराही हलली नाही.

"हमारा जॉइंट खुल रहा है," अण्णा सांगत होते.