तिसरी लेन्स

"चिमे, दिवा सरळ धर. भिंतीवर नाही, माझ्या खांद्यावरून."

चिमी बाथरूमच्या दारात टेबललॅम्प दोन्ही हातांनी धरून उभी होती. आत दादा उपड्या बादलीवर बसला होता. पाठ वॉशिंग मशीनला टेकलेली, दोन गुडघ्यांमध्ये ट्रायपॉड, त्यावर नवा कॅमेरा आणि कॅमेऱ्यावर नवी लेन्स. समोर पांढऱ्या फरशांची भिंत. दादाचा उजवा डोळा कॅमेऱ्याला चिकटला होता आणि डावा इतका घट्ट मिटला होता की त्या बाजूचा गाल वर चढला होता.

साठी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते सध्या तिला दिव्याचा खांब समजत होतं.

"पुन्हा तेच," दादा म्हणाला. "मधोमध रेघ वाकतेय."

"काच पुसून बघ ना."

"पुसून! तुझा चष्मा आहे का तो?"

घरात सगळ्यात जास्त सरळ रेघा बाथरूममध्येच आहेत, असं दादाचं म्हणणं होतं. लेन्स चांगली असेल तर दोन फरशांमधली रेघ फोटोतही सरळच यायला हवी. म्हणून नवी लेन्स आली की आधी तिची परीक्षा इथे व्हायची, मग तिला बाहेरचं जग दाखवायचं. या लेन्सचा घोळ सुरू होऊन काही महिने झाले होते आणि तिनं अजून बाहेरचं झाड पाहिलं नव्हतं. पहिली त्यानं परत केली. बदलून आलेली दुसरीही परत केली. ही तिसरी.

दादानं फोटोचा मोठा प्रिंट काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्यावर भिंग ठेवून वाकला. पुन्हा उजवाच डोळा.

"ही तर त्या दोघींच्या वरताण. आता मध्ये डागच आहे. धुरकट. आतली काच जागेवरून सरकलीय, दुसरं काय! तू बघ."

चिमीनं पाहिलं. तिला रेघा सरळ दिसत होत्या, सकाळी ब्रशनं घासताना दिसल्या होत्या तशाच. पहिल्या लेन्सच्या वेळी तिनं तसं सांगितलंही होतं. तेव्हा दादानं "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून भिंग उचललं होतं आणि संध्याकाळभर घरात शब्द फुटला नव्हता. दुसऱ्या लेन्सच्या वेळी ती शहाणी झाली होती.

"हो रे, वाकलीय जराशी," ती म्हणाली आणि दुधाखालचा गॅस बंद करायला गेली.

आणि खरंच, तिला काय कळत होतं? दादानं उभी हयात पुलांचे नकाशे काढण्यात घालवली होती. पट्टी न लावता रेघ ओढायचा आणि वर पट्टी ठेवली तर केसाचाही फरक निघायचा नाही. कॅमेराही त्याच्या हातात मिसरूड फुटल्यापासून. तेव्हा याहून लहान घरातल्या याहून लहान बाथरूममध्ये तो लाल दिवा लावून फोटो धुवायचा आणि फ्रॉकमधली चिमी ट्रे हलवत बसायची. पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर आधी एक करडा डाग यायचा, मग कान, मग नाक, आणि बघता बघता आईच तिथून रागावून बघत असायची. बाहेर खरी आई दार वाजवत असायची, की कुणाला आंघोळी करायच्या आहेत की नाहीत. फिल्म महाग, म्हणून एकेका फोटोआधी दादा केवढा विचार करायचा! आता नवा कॅमेरा पोपटासारखा कटकट करत एका दमात शंभर फोटो काढायचा आणि दादा त्यातले नव्व्याण्णव पुसायचा. नवरा गेल्यावर चिमी या घरात राहायला आली. दादानं लग्न केलंच नव्हतं. "दोन लेन्स आणि एक ट्रायपॉड, एवढा संसार पुरे झाला," असं तो सांगायचा. निवृत्त झाल्यावर संसार वाढत गेला. कपड्यांच्या कपाटाचे दोन खण लेन्सनी बळकावले आणि चिमीच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या.

"तू जा दुकानात," दादा खोका बंद करत म्हणाला. "मी त्या माणसाचं तोंड बघणार नाही. सांग त्याला, आता बदलून नको, सरळ परत घे म्हणावं."

"मला नाही बाई भांडता येत."

"माझ्याशी येतं की!"

कॅमेऱ्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या आणि घड्याळांच्या दुकानांमध्ये दबून बसलेलं होतं. दुकानदार जाडजूड, पण बोटं मात्र विणकाम करणाऱ्या बाईसारखी. खोका पाहताच त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"साहेब नाही आले?"

"ते तुमचं तोंड बघणार नाहीत म्हणालेत."

तो हसला नाही. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा मावशी. मीच फोन करणार होतो. एक सांगतो, रागावू नका. ही तीच लेन्स आहे."

"हो, तुम्हीच नाही का दिलीत मागच्या आठवड्यात?"

"तसं नाही. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही वेळा हीच. मी फक्त खोका बदलला."

चिमीनं खोका उलटसुलट करून पाहिला. दुकानदारानं मान खाली घातली.

"आमच्या धंद्यात असं करावं लागतं. हौशी माणसाला नव्या वस्तूत खोट काढल्याशिवाय झोप लागत नाही. आम्ही तपासतो, काही नसतं. मग चार दिवस ठेवून घ्यायची आणि नव्या खोक्यात घालून द्यायची. लोक खूश होतात. म्हणतात, हां, आता कसं! साहेबांना तर मी पहिल्यापासून ओळखतो. मला वाटलं, ते मला लगेच पकडतील, चार शिव्या हासडतील आणि मग आम्ही दोघं हसू. लेन्सच्या कडेला नंबर कोरलेला असतो ना, तो साहेब सगळ्यात आधी वाचतात. एकदा वाचला की त्यांच्या डोक्यातून जात नाही."

"मग? या वेळी वाचला नाही?"

"भिंग लावून बघितला. मान डोलावली. आणि घेऊन गेले."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"दर वेळी आधीपेक्षा वाईट आहे म्हणत होते ते," चिमी म्हणाली.

"तेच तर. दुसरी परत द्यायला आले तेव्हा मला प्रिंटवर बोट ठेवून दाखवलं, ही बघ, इथं वाकलीय. तिथं सरळ रेघ होती, मावशी. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो. सरळ रेघ वाकडी दिसते, मग मधोमध डाग येतो. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, कळतसुद्धा नाही. साहेब एक डोळा मिटून बघतात म्हणून त्यांना दिसलं तरी."

"औषध असेल ना काही?"

"डोळ्यात इंजेक्शन देतात. वेळेवर दिलं तर आहे तिथं थांबतं." तो खोक्यावरची नसलेली धूळ झटकू लागला. "गेलेलं येत नाही. माझ्या सासऱ्यांना आम्ही उशिरा नेलं."

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून नंबर आणून दुकानदारानंच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. लेन्सचा खोका पिशवीत घालून चिमी परत निघाली. दर वेळी ती ज्या बाजूनं रस्ता ओलांडायची तिथं बराच वेळ उभी राहिली, गाड्या नसतानाही.

दादा टेबलाशीच बसला होता.

"घेतली परत? का पुन्हा गळ्यात मारली?"

तिनं लेन्स खोक्यातून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "नंबर वाच."

"अगं, आधी पाणी तरी पी. कशी दिसतेयस!"

"वाच ना, दादा."

त्यानं भिंग उजव्या डोळ्याशी नेलं. लेन्स थोडी फिरवली. जवळ आणली, लांब नेली.

"उजेड नाहीये इथं."

तिनं लॅम्प आणून लावला.

"छपाई भिकार झालीय हल्ली."

"कोरलेला आहे तो, छापलेला नाही. दुसऱ्या डोळ्यानं बघ."

दादानं मान वर केली. लहानपणी तिनं लाल दिव्याच्या खोलीचं दार भलत्या वेळी उघडलं की तो असाच बघायचा. पण तो ओरडला नाही. भिंग सावकाश डाव्या डोळ्याशी गेलं, अवघडत, उसनं आणल्यासारखं. ओठ हलू लागले. एकदा वाचून झालं, पुन्हा एकदा वाचून झालं.

"ही तर पहिली."

"तिन्ही हीच."

आता तो दुकानदाराच्या सात पिढ्या काढेल म्हणून ती थांबली. पण दादानं प्रिंट पुढं ओढला. एक डोळा हातानं झाकून पाहिला, मग दुसरा. कोपर टेबलावर टेकवून त्यानं पुन्हा हात बदलला.

"पण तूही म्हणालीस. वाकलीय म्हणून."

"म्हणाले."

"तुला दिसत होती?"

"नाही."

"मग?"

"तू चिडतोस," चिमी म्हणाली.

दादानं मान हलवली. कुणीतरी मोजमाप सांगावं आणि ते नकाशावर टिपून घ्यावं, तशी. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज ऑफिसातला होता, साहेबाला अहवाल देतानाचा.

"पहिलीत नुसती वाकत होती. दुसरीत मध्ये तुटत होती. तिसरीत डाग." तो थांबला. "म्हणजे वेग बराच आहे."

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय. मी वेळ घेतलीय. इंजेक्शननं थांबतं म्हणतात."

"थांबतं. आणि गेलेलं?"

चिमी खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिली.

"बरं," दादा म्हणाला. "त्या खिडकीपाशी बस जरा."

फोटो काढतोय असं वाटून तिचा हात केसांकडे गेला. "राहू दे केस," तो म्हणाला. त्यानं खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. कॅमेरा बाथरूममध्येच होता, ट्रायपॉडवर, फरशांकडे तोंड करून. दादानं उजवा डोळा हातानं झाकला आणि तिच्याकडे बघितलं. कपाळ, चष्मा, हनुवटी, असं सावकाश, वरून खाली. मग हात बदलला. डावा डोळा झाकला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"चिमे."

"काय रे?"

"काही नाही. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

मग ती बोलू लागली. की दुकानाच्या गल्लीत पाइपासाठी रस्ता खणून ठेवलाय. की घड्याळवाल्यानं पाटी बदललीय आणि नवी काही बरी दिसत नाही. की तिच्या चपलेचा अंगठा सुटत आलाय, उद्या जाताना शिवून घ्यायला हवा. सांगण्यासारखं सगळं सांगून संपलं, तरी दादानं डाव्या डोळ्यावरचा हात काढला नव्हता. म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.