शंभरचा सूर

चाकणच्या कारखान्यातली वॉकीटॉकीची चाचणी पार पडली तर वर्षालीला पर्मनंटचं पत्र मिळणार होतं, आणि पत्र मिळालं की आईला रहाटणीच्या खोलीवर कायमचं आणता येणार होतं. आईनं तर पातेली बांधूनही ठेवली होती. पत्र नाही मिळालं, तर तिसरं कंत्राट त्याच संध्याकाळी संपत होतं. जमेची बाजू एवढी ठसठशीत असली की खर्चाची बाजू बघायला सवड कुणाला?

तिचं काम वॉकीटॉकीतल्या चिपला सूर ओळखायला शिकवण्याचं. बोलणाऱ्याच्या आवाजाखालून सेट कानाला न जाणवणारा एक सूर सोडतो. तो ओळखीचा निघाला तरच समोरचा सेट तोंड उघडतो, नाहीतर परक्याचं बोलणं गिळून टाकतो. वर्षालीनं सेकंदाला एकशे साडेतीन कंपनांचा सूर लावला होता. तिच्या वरच्या सुजितसाहेबांनी तो शंभर करायला लावला. गोल आकडा गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो, म्हणे. आपल्याकडच्या विजेची घरघरही, पन्नासची दुप्पट, नेमकी शंभरावरच असते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण कंत्राटाच्या शेवटच्या आठवड्यात साहेबाची चूक काढते कोण?

चाकणला, पत्रा दाबून घडवायच्या प्रेस शॉपमध्ये, वर क्रेनच्या केबिनमध्ये समाधान, धाराशिवकडचा, ठेकेदाराचा माणूस. खाली इशारे द्यायला उद्धवराव. कंपनी उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्याच भावकीची. त्यांनी आकडा विचारून घेतला आणि मिशीत हसले. "शंभर? ताई, आमी आहेरात बी शंभर देत न्हाई. एकशे एक तरी करा."

सगळे हसले. वर्षाली जरा उशिरा हसली.

क्रेनला डाय, पत्रा दाबायचा अवजड लोखंडी साचा, लटकत होती. तिच्या आडोशाला उद्धवराव वाकून लाकडी ठोकळा सरकवत होते. समाधानच्या सेटमधून घरघरत आवाज आला, "सोड, सोड खाली." त्यानं सोडली. उद्धवरावांनी तर तोंडच उघडलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं डायखाली राहिली.

त्यांना दवाखान्यात हलवल्यावर वर्षाली धावत शेजारच्या कंपनीत गेली. तिथं माल उतरवणारा सुपरवायझर त्याच चॅनलवर बोलत होता. त्याच्या सेटला सूरच नव्हता, होता तो विजेला जोडलेला स्वस्तातला अडॅप्टर. त्याची घरघर बोलण्यात मिसळून जात होती. तिनं मोजली: शंभर. चिपनं घरचाच माणूस समजून दार उघडलं होतं.

परत येऊन तिनं एकशे साडेतीन लावला. शेजारचा ओरडून दमला, इकडचे सेट गप्प. दहा मिनिटांचं काम.

चाचणीच्या अहवालात अपघाताच्या कारणाचा रकाना होता. सुजितनं मजकूर सांगितला: ऑपरेटरची ऐकण्यात चूक. त्यानं आवाज ओळखायला नको होता का, खोटं काय आहे यात, असंही वर विचारलं.

समाधान दारात उभा होता. हातात अजून तोच सेट. "मॅडम, सेट बोलला म्हणून मी सोडलं. तेवढंच लिहा."

वर्षालीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिला पातेली दिसत होती. तिनं सही केली.

आता हिशेब. चाळीस सेटांची ऑर्डर सुजितला, पत्र वर्षालीला. खर्चाला उद्धवरावांची दोन बोटं आणि समाधानची नोकरी. त्याचा गेटपास ठेकेदारानं त्याच दुपारी काढून घेतला. शंभर लावणाऱ्यांच्या नावावर खर्च काही नाही.