मी मजेत आहे गं, आई

"जेवलीस का?" कोर्टाच्या व्हरांड्यात इस्त्रीवालीनं लेकीला विचारलं.

"झालंय माझं," बेबी म्हणाली.

कधी झालं, कुठे झालं, देव जाणे! सकाळी दोघी घरातून बरोबरच निघाल्या होत्या आणि डबा इस्त्रीवालीच्या पिशवीत तसाच होता. पण परदेशातून परत आल्यापासून बेबीचं हे असंच. काही विचारा, उत्तर ठरलेलं. आईनं विचारणं सोडलं नव्हतं, पण खोदून विचारायची तिची छातीही झाली नव्हती.

समोरच्या बाकावर दाजी बसला होता. तसा तो नात्यानं कुणाचाच दाजी नव्हता. गल्लीच्या अडीनडीला धावायचा, म्हणून सगळ्यांचा दाजी. परदेशात घरकामाला बायका पाठवायचा. परवाना-बिरवाना काही नाही, नुसती जिभेवर साखर. आत्ताही त्यानं मान लववून "बरं आहे ना, ताई?" म्हणून विचारलं. मेल्याला लाज कशी ती नाही!

सरकारी वकीलबाईंनी मागेच समजावलं होतं. "परवान्याशिवाय माणसं परदेशी कामाला पाठवणं गुन्हा आहे, मावशी. पण तो म्हणतो, मी धंदा केलाच नाही, शेजारधर्म म्हणून मदत केली, पोरी तिकडे सुखात होत्या. म्हणून बेबीला सगळं सांगावं लागेल."

"सांगेल की," इस्त्रीवाली म्हणाली होती. बेबीच्या मागोमाग गल्लीतल्या शिंप्याची पोर गेली होती, ती अजून आलेली नव्हती. बेबीनं तोंड उघडलं नाही तर दाजी सुटणार. मग त्या पोरीचा ठावठिकाणा त्याला विचारणार कोण?

पुकारा झाला. बेबी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. दाजीच्या वकिलानं फार काही विचारलंच नाही. परवानगी घेऊन त्यानं मोबाइल पुढे धरला आणि बेबीनं तिकडून आईला पाठवलेला निरोप लावला.

"आई, मी मजेत आहे गं. माणसं चांगली आहेत. पोटभर जेवले. काळजी करू नको."

आवाजामागे नळाचं पाणी पडत होतं. इस्त्रीवालीला हा निरोप तोंडपाठ होता. कपड्यांवर इस्त्री फिरवताना ती तो पुन्हा पुन्हा लावायची. पाणी ऐकून म्हणायची, बोलतानाही भांडी घासतेय, पोर माझी कामाला वाघ आहे! "ताई, हा निरोप मला पाठवा की, लोकांना धीर येईल," असं दाजी म्हणाला तेव्हा तिनंच कौतुकानं पाठवला. शिंप्याच्या घरी दाजीनं तोच ऐकवला, आणि त्यावर विसंबून त्याची पोर विमानात बसली.

"आवाज तुमचाच?" वकिलानं विचारलं.

"हो."

"कुणी दमदाटी करून बोलायला लावलं?"

"नाही."

"झालं तर मग!" वकील हसला.

बेबीनं न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. "माझ्या आईला जरा बाहेर बसवता का?"

इस्त्रीवाली उभीच राहिली. "मी नाही जायची. सांग तू."

"तिकडे मला न्हाणीघरात झोपवायचे," बेबी हळूहळू म्हणाली. "बाहेरनं कडी. फोन मी लपवून ठेवला होता. नळ सोडला की बोललेलं बाहेर ऐकू जात नसे. जेवण उरलं तर मिळायचं. दाजीला फोन केला, तर म्हणाला, गप पड, त्यांनी पैसे मोजलेत."

"मग आईला खोटं का सांगितलंत?" वकिलानं विचारलं.

"आई आहे ती. तिला काय सांगणार होते?"

टंकलेखकाच्या बोटांखाली ते सगळं कागदावर उतरत गेलं. दाजीनं पहिल्यांदाच मान खाली घातली. इस्त्रीवालीला मात्र त्याचं काही वाटलं नाही. आपण तो निरोप किती हौसेनं ऐकत होतो, एवढंच तिला आठवत होतं, आणि स्वतःचीच शिसारी येत होती.

पुढची तारीख पडली. निकाल कधी, ते वकीलबाईंनाही ठाऊक नव्हतं.

व्हरांड्यात शिंपी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात मोबाइल होता.

"बेबी, आमच्या पोरीच्या निरोपातही पाणी वाजतं गं," तो म्हणाला.

बेबीनं मोबाइल कानाला लावला. ऐकून परत दिला. "वकीलबाईंना ऐकवा, काका. आत्ताच जा."

शिंपी लगबगीनं आत गेला. मायलेकी बाकावर बसल्या.

"जेवलीस का?" इस्त्रीवालीनं विचारलं.

बेबीनं आईच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. भूक लागलीय, आई."

इस्त्रीवालीनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्या पुढ्यात ठेवला.